आवाजाचं भाडं

"मेलासा काय रं?"

दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की आम्ही तिघं हातातलं टाकून एका सुरात ओरडायचो, "हाय आप्पा, हाय!" मग पलीकडं बाज करकरायची, आप्पा कूस बदलायचे आणि आमच्यातला कुणीतरी घाईघाईनं पेटीचा भाता ओढायला लागायचा. शहापूरच्या त्या गल्लीत नवा आलेला माणूस हे ऐकून थबकायचा. जुन्यांना सवय झाली होती. आम्ही त्या जागेचं भाडं देत होतो ते हेच. दुसरं काही आप्पांनी कधी मागितलं नाही, आणि यात सूटही कधी दिली नाही.

आम्ही तिघं म्हणजे संगीत नाटक लिहिणारे तीन बेघर. मास्तर पेटी वाजवायचे आणि एका फिरत्या कंपनीसाठी कन्नड नाटकं लिहायचे. शिवा त्याच भागातला, विणकराच्या घरातला. तो पदं रचायचा आणि लुगडं नेसून बाईचं काम इतकं चांगलं करायचा की त्याच्या आईनं एकदा त्याला विंगेत ओळखलं नव्हतं. तिसरा मी. मी गद्य लिहायचो, आणि गाण्यावर माझा मुळीच विश्वास नव्हता.

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालेलं. वडील खानापूरकडच्या आमच्या गावात सरकारनं बंदी घातलेली पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचो. त्यामुळं वाक्य म्हणजे पुकार, आणि पुकारानंतर उद्गारचिन्ह, एवढंच मला ठाऊक. देश पेटलेला असताना रंगभूमीवर आलाप घेणं मला चैनीचं वाटे. पण गद्य नाटकाला आमच्या भागात कुत्रं फिरकत नव्हतं, हेही दिसत होतं. लोकांपर्यंत पोचायचं तर पदांच्या पाठीवर बसूनच पोचावं लागणार होतं. म्हणून मी शिवाला आणि मास्तरांना धरलं. मला ते हवे होते आणि त्यांना पल्लेदार गद्य लिहिणारा हवा होता. पण तिघं एकत्र आम्ही कुणालाच नको होतो.

कविता लिहिणाऱ्याला एक कोपरा पुरतो. संगीत नाटक लिहिणाऱ्याला आवाज करावा लागतो, आणि जिथं आवाज करता येईल अशी जागा कुणी देत नाही. मारुतीच्या देवळात आम्ही आठवडाभर बसलो. पुजाऱ्याला पेटीचं काही नव्हतं. पण शिवानं नायिकेचं विरहाचं पद घोळवायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "हे बघा, देव ब्रह्मचारी हाय. तुमी आपलं दुसरीकडं बघा." शाळेच्या हेडमास्तरांनी पेटीला होकार दिला, पण माझ्या खादीकडं बघून परत नकार दिला. मच्छे गावाच्या वाटेवरच्या एका आमराईत पेटी नेली, तर गुराख्यांनी फर्माइशी सुरू केल्या. मास्तर बिचारे भिडस्त. दुपारभर त्यांना हवं ते वाजवत बसले आणि आमची ओळभर प्रगती झाली नाही.

असं दारोदार हिंडताना शहापुरात एका दारात म्हातारा उभा दिसला. उंच, वाकलेला, कानात भिकबाळी, आणि उघड्या अंगावर उन्हाळ्यातही लोकरीचा गळपट्टा. आम्ही जागेचं विचारलं. त्यानं आमच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पुढं येऊन माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली आणि चोळली.

"हे सूत कुणी कातलंय?"

"मीच," मी अभिमानानं म्हणालो.

"रागानं कातलायस." मग त्यानं पेटीकडं बोट केलं. "ही किती वेळ वाजती?"

"फार नाही आप्पा, थोडा वेळच," मास्तर घाबरून म्हणाले. तोवरच्या अनुभवानं आम्ही असंच उत्तर द्यायला शिकलो होतो.

"मग उपेग न्हाय," म्हातारा म्हणाला आणि आत वळला.

शिवाला काय सुचलं कोण जाणे. तो ओरडला, "आप्पा, म्हटलासा तर थांबतच न्हाय!"

म्हातारा वळला. "या आत."

आत लांबलचक मागघर होतं. पाच खड्डामाग, एकामागं एक. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर काठावर बसतो, तसे पाच खड्डे. लढाईमुळं सूत कंट्रोलात गेलं होतं आणि परवान्यावर मिळायचं ते कुणाच्या हाती लागायचं ते सगळ्यांना माहीत होतं. चार माग नुसते सांगाडे होऊन उभे होते. पाचव्यावर एक लुगडं अर्धं विणून थांबलेलं होतं, गडद हिरवं, तांबड्या काठाचं.

आप्पा जन्मल्यापासून त्या खटखटीत झोपले होते. माग बंद पडले तशी त्यांची दुपारची झोप गेली. रात्री ते चारचौघांसारखे झोपत, पण दुपारी भिंतीपलीकडं शांतता पसरली की दचकून उठत. त्यांना वाटे कुणीतरी गेलं. सुनेनं औषधं केली, मुलानं डॉक्टर आणला. आप्पांचं एकच म्हणणं, "मला रोग न्हाय. घर गप झालंय."

म्हणून आम्ही. ज्या आवाजापायी सगळ्यांनी आम्हाला हाकललं, त्याच आवाजासाठी या माणसानं आम्हाला ठेवून घेतलं.

प्रत्येकाला एक खड्डा मिळाला. मागावर आडवी फळी टाकली की झालं मेज. पाय खड्ड्यात गार राहत. मास्तरांच्या खड्ड्यात एक बेडूक होता आणि मास्तर त्याला कन्नडमध्ये रागावत. अडचण एकच होती. लिहिणाऱ्याला मधूनच गप्प बसावं लागतं, आणि आम्ही गप्प झालो की भिंतीपलीकडून आरोळी यायची. मग आम्ही पाळी लावली. दोघं लिहीत असतील तेव्हा तिसऱ्यानं वाजवायचं, नाहीतर लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. मला पेटी येत नव्हती, त्यामुळं माझ्या पाळीला मी माझे संवाद वाचायचो. लिहिलेलं प्रत्येक वाक्य घशातून काढून बघायची सक्ती मला तिथं झाली. पत्रक डोळ्यांनी वाचायचं असतं. तीच वाक्यं तोंडानं म्हणताना मला मधेच दम लागायचा, आणि शिवा खड्ड्यातून म्हणायचा, "बाईच्या तोंडात एवढं कोंबलास तर बाई मरंल की रं!"

आप्पा नाटकाला कधी नाटक म्हणत नसत, लुगडं म्हणत. सकाळी आले की विचारायचे, "काय मास्तर, तुमचं कुठवर आलं? पदर लागला का?" पदर लागला म्हणजे शेवटचा अंक आला. त्यांनी एकही नाटक कधी पुरतं बघितलेलं नव्हतं. बालपणी बापाच्या खांद्यावरून एक बघायला गेले होते, नांदी सुरू झाली आणि झोप लागली, ती थेट घरी जाग आली. "लई चांगलं हुतं," ते सांगायचे. शिवाचं पद चांगलं झालं हे ते कसं ओळखायचे? झोप गाढ लागली म्हणजे पद चांगलं. "काल सांच्यापर्यंत उठलो न्हाय बग शिवा. त्येच ठेव." शिवाला याहून मोठं बक्षीस नव्हतं.

आप्पांचा हिशेब कन्नडात चाले आणि राग मराठीत. सुनेला ते 'आक्का' म्हणत, कारण तिचं सगळं ऐकावं लागे. चहात गूळ कमी पडला तर तक्रार तिच्याकडं न करता बंद मागाकडं करत, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. "बग बाबा," ते मागाच्या खांबाला म्हणायचे, "तुलाबी सूत न्हाय, मलाबी गूळ न्हाय." आतून सून म्हणायची, "मागाला म्हणावं, रेशनच्या रांगंत हुबं ऱ्हा जा उद्या."

माझं नाटक एका आईचं होतं. मुलगा राज्याविरुद्ध उठलेला, शिपाई दारात आलेले, आणि आईला विचारतात, मुलगा कुठं आहे. नाटकात इंग्रज कुठंच नव्हता. एका जुन्या राजाचे शिपाई होते. बघणाऱ्याला कळायचं ते कळणार होतं. आईच्या तोंडी मी दोन पानांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात जुलूम होता, माती होती, रक्त होतं, पुढच्या पिढ्या होत्या. माझ्या मते ते ऐकून दगड उठून उभे राहिले असते.

एका दुपारी ते मी वाचायला घेतलं. मास्तर आणि शिवा लिहिणं थांबवून ऐकत होते, म्हणून मी आणखी चढलो. दीड पानावर माझाच घसा कोरडा पडला. मी थांबलो. पाणी प्यायला तांब्या उचलला, तेवढ्यात पलीकडून,

"मेलासा काय रं?"

"हाय आप्पा, हाय!" दोघं ओरडले. मी ओरडलो नाही. मला कळेना कुणावर चिडावं. माझं सगळं भाषण या माणसानं झोपेत काढलं होतं, आणि मी गप्प झाल्याक्षणी तो खडबडून उठला होता.

"बिडु तम्मा," मास्तर म्हणाले, "जाऊ दे. म्हातारा माणूस."

मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी ती दोन पानं काढून टाकली. आईला काहीच बोलायला दिलं नाही. शिपाई विचारतो, आई बघत राहते, पेटी थांबते, सगळं थांबतं. शिवानं ते वाचलं आणि कागद परत माझ्या फळीवर ठेवला. मग म्हणाला, "हे करायला मला लई जड जाईल." तेव्हा मला कळलं की ते जमलंय.

पुढं काय होतं, तेवढंच आता राहिलं होतं. शेवटचा प्रवेश.

त्याच सुमाराला निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी मागघर बघायला आला. त्याला शहापुरात वखार हवी होती. आप्पांच्या मुलानंच, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, व्यापाऱ्याला आणलं होतं. अण्णा वाईट माणूस नव्हता. सुताअभावी कॅम्पातल्या एका दुकानात कापड मोजायचं काम करत होता, गिरणीचं कापड, आणि ते करताना त्याचा जीव काय होत असेल ते त्याचा त्याला माहीत. चार माणसांचं घर त्याच्यावर होतं. पण माझं रक्त उकळलं. मी अण्णासमोरच म्हणालो, "विणकराच्या घरात तंबाखू भरणार? मी पत्रक काढीन!"

"आणि लावशील कुठं?" आप्पा म्हणाले. "माज्याच भिंतीला न्हवं? खळ आक्का देईल काय तुला?"

व्यापारी हसला. अण्णासुद्धा हसला. मी एकटाच लाल झालो.

मग आप्पा पाचव्या मागाशी गेले आणि त्या अर्ध्या लुगड्यावर हात ठेवला. विणकराच्या घरात एक रीत पाळतात. मागावरचं कापड अर्ध्यातून कापत नाहीत आणि अर्ध्या कापडासकट माग हलवत नाहीत. घरात कुणी गेलं तरी सुतक संपल्यावर आधी ते पुरं करतात. हे अण्णाला सांगायची गरज नव्हती.

"हे व्हायचंय," आप्पा म्हणाले. मग आमच्या खड्ड्यांकडं हात केला. "ह्येंचीबी मागावर हाईत. मास्तरांचं हाय, शिवाचं हाय, ह्या रागीटाचं हाय. ती उतरू देत. अर्ध्यातनं उठवायचं न्हाय."

अण्णा शेवटी विणकराचा पोर होता. त्याला ते खोटं पाडता येईना. व्यापाऱ्याला त्यानं थांबायला सांगितलं.

आप्पांच्या ट्रंकेत त्या लुगड्यापुरतं सूत होतं. ते मनात आणते तर केव्हाच विणून झालं असतं. पण रोज सकाळी ते खड्ड्यात पाय सोडून बसायचे, बोटभर विणायचे आणि उठायचे. लुगडं मागावर आहे तोवर मागघर मागघर होतं.

पावसाळा गेला. मास्तरांचं नाटक पुरं झालं आणि कंपनीनं उचललं. शिवाची पदं झाली. अण्णा कधीमधी दारात यायचा आणि मला विचारायचा, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "राहिलंय." ते खरंच होतं. शेवटचा प्रवेश मी लिहिला नव्हता. तो माझ्या डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार होता, आणि मी तो कागदावर उतरवत नव्हतो. खोटं बोलायचं नाही हे माझं तत्त्व मी असं सांभाळत होतो. माझ्यापुढं प्रश्न साधा होता: नाटक लोकांपुढं न्यायचं की आप्पांचे माग वाचवायचे? मी आपल्याकडून निवड केली होती, आणि तिचा मला अभिमान होता.

एका सकाळी आप्पा माझ्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसले.

"पदर लागला का?"

"नाही आप्पा."

"कधीपास्नं न्हाय?"

मी फळीवरचे कागद सारखे करायला लागलो. त्यांनी माझी बाही बोटांत धरली, पण चोळली नाही. नुसती धरून ठेवली.

"मी जागंसाठी लुगडं अडवून धरलोय," ते म्हणाले. "मी म्हातारा हाय. माझं खपतंय. तू कोणाचं बघून शिकलास हे?"

"तुमचंच."

"मग चुकलं माजं."

"आप्पा, माग गेले तर—"

"माझं माग हाईत, तुझं न्हाईत. शिपाई दारात आल्याला हाय आणि तू त्या बाईला तिथंच हुबी करून ठेवलायस. किती दिस झालं? पाय दुखत न्हाईत तिचं?"

म्हणजे भिंतीपलीकडं ते सगळंच झोपेत काढत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी वाजत असतानाच पाचवा माग सुरू झाला. बोटभर झाल्यावर तो थांबला नाही. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. मास्तरांनी आपोआप पेटीची लय त्याला जुळवून घेतली. मी समोर कागद ओढला. आप्पा विणत होते आणि मी लिहीत होतो, आणि दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. असं काही दिवस चाललं. माझा प्रवेश आधी संपला, पण मी तसं म्हणालो नाही. त्यांचा पदर पुरा होईपर्यंत नुसता बसून राहिलो.

लुगडं कापलं तेव्हा त्यांनी अण्णाला बोलावून घेतलं. घडी शिवाच्या हातात दिली. "त्या आईला नेसव. दारात शिपाई आलाय म्हंजे बाईनं फाटकं न्हाय, धडकं नेसावं." मग अण्णाला म्हणाले, "हं. झालं सगळ्यांचं."

महिन्याभरात माग निघाले, खड्डे बुजले, वर शेणानं सारवलं, आणि तंबाखूच्या थप्प्या लागल्या. आम्ही परत देवळं आणि आमराया बघायला लागलो. आप्पांची दुपारची झोप गेली ती गेलीच. शिवा भेटून आला की सांगायचा, "बाजंवर नुसतं बसल्यालं असत्यात. मला म्हणाले, तंबाखू काय बोलत न्हाय बग."

माझं नाटक शहापुरातच झालं. रॉकेल मिळत नव्हतं, गॅसबत्त्या पेटवायची सोय नाही, म्हणून रविवारी दुपारी मांडवात. पहिल्या रांगेत खुर्चीवर आप्पा, गळपट्ट्यासकट, शेजारी अण्णा. पडदा वर गेला, मास्तरांनी नांदीचा पहिला सूर धरला आणि आप्पांची मान खाली गेली. मी विंगेतून बघत होतो. त्या दिवशी मला राग आला नाही.

पहिला अंक झोपेत गेला. दुसराही. तिसऱ्यात शिपाई आले. शिवा ते हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभा. शिपायानं विचारलं, "कुठं आहे तुझा मुलगा?"

शिवा गप्प. पेटी थांबली. भरलेला मांडव श्वास रोखून बसला. मी मनात म्हणालो, आता. हेच. यासाठी सगळं.

"मेलासा काय रं?"

पहिल्या रांगेतून. झोपेतून उठलेल्या, घाबरलेल्या, म्हाताऱ्या आवाजात.

आणि शिवानं, ज्यानं एक शब्दही बोलायचा नव्हता, सवयीनं तोंड उघडलं, "हाय आप्पा, हाय!" पेटीवरून मास्तर ओरडले, "हाय आप्पा, हाय!" विंगेतून मीही ओरडलो. काय झालं ते कळायच्या आत मांडवातून कुणीतरी म्हणालं, "हाय!" मग मागून, मग बाजूनं, मग सगळीकडून. बायकांच्या बाजूनंसुद्धा. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. शिपायाचं काम करणारा पोरगा दोन पावलं मागं सरकला, आणि ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या हयातीतल्या सगळ्या पत्रकांनी जे केलं नव्हतं ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि त्यातला एक शब्दही मी लिहिलेला नव्हता.

आप्पांनी एकवार सगळीकडं बघितलं. कुणीच मेलेलं नव्हतं. मास्तरांनी पुढचं पद सुरू केलं आणि त्यांची मान परत छातीवर गेली.

भरतवाक्य झालं, पडदा पडला, माणसं उठली. मास्तरांचा हात भात्यावरून निघेना. त्यांनी पडद्याच्या फटीतून माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं बघितलं. खुर्ची-भाड्याचा माणूस खुर्च्या आपटून गोळा करत पहिल्या रांगेपर्यंत आला, तेव्हा अण्णा उठला. मला वाटलं, आता तो बापाला हलवून उठवणार.

त्यानं खुर्चीवाल्याला हातानंच मागं थांबवलं. मग वाकून आप्पांचा घसरलेला गळपट्टा नीट केला आणि हळूच पडद्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, थांबू नका. वाजवा."

मास्तर वाजवत राहिले. शिवा तसाच, लुगड्यातच, पेटीपाशी येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणायला लागला. मांडव रिकामा झाला होता. माझी पाळी आली तेव्हा मी वाचायला लागलो.

आप्पा सांच्यापर्यंत उठले नाहीत.